हवा, शिसे, पाणी आणि मेंदू : वाचकांचे प्रश्न

प्रदूषणाचा स्मरणशक्तीशी आणि मुलांच्या बुद्धीशी काय संबंध, असे विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमच्या तज्ज्ञांनी दिलेली उत्तरे.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. वर्षभरात त्यांचे विसरणे वाढले आहे. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, हे पुन्हा पुन्हा विचारतात. आमच्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना बांधकाम चालू आहे आणि हिवाळ्यात मोबाइलवर हवेचा निर्देशांक १८० दिसतो. कारण ही हवाच असेल का? घर बदलावे का? (घोडबंदर रोड, ठाणे)

एका माणसाच्या विसरण्याचे खापर थेट हवेवर फोडता येत नाही. हवा हे अनेक कारणांपैकी एक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२० मध्ये वायुप्रदूषणाचा धोक्याच्या कारणांत समावेश केला. २०२४ च्या अहवालात अशी १४ कारणे आहेत. ती सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार पुढे ढकलला जाऊ शकतो, असा आयोगाचा अंदाज आहे. त्यात हवेचा वाटा ३ टक्के, कमी ऐकू येण्याचा ७ आणि वाढलेल्या वाईट कोलेस्टेरॉलचा ७. म्हणून आधी तपासण्या करा, हवेचे नंतर बघू.

जीवनसत्त्व बी-१२, थायरॉइडची टीएसएच, साखर, लिपिड प्रोफाइल, रक्तदाब, कानांची ऑडिओमेट्री आणि मोतीबिंदूसाठी डोळे, एवढे या महिन्यातच करून घ्या. शाकाहारी ज्येष्ठांमध्ये बी-१२ कमी असणे नेहमीचे आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या पित्ताच्या गोळ्या यांमुळे ते आणखी घटते. झोपेच्या आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनीही विसरभोळेपणा येतो. वडील घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, नुसती यादी नको. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचे व्यवहार न जमणे, बोलताना साधे शब्द न सापडणे यांपैकी काही सुरू झाले असेल, तर तपासण्यांच्या निकालासाठी न थांबता मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवा.

आता हवा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, शरीरात सौम्य पण सततची दाहक्रिया चालू ठेवतात आणि रक्तवाहिन्या कडक करतात. मेंदूचे मोठे नुकसान या रक्तवाहिन्यांच्या वाटेने होते. त्याहून सूक्ष्म कण नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूमार्गे थेट मेंदूकडे जाऊ शकतात. मँचेस्टर आणि मेक्सिको सिटी येथील मृत व्यक्तींच्या मेंदूत, ज्वलनातून तयार होतात तसे मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) गोल कण सापडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

तुम्हाला दिसणारा १८० हा आकडा एकटा वाचू नका. निर्देशांक हा त्या वेळी सगळ्यात वाईट असलेल्या एका प्रदूषकाचा असतो. बांधकामाजवळ तो बहुधा पीएम १० म्हणजे जाडसर धुळीचा निघतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळचे केंद्र उघडून पीएम २.५ चा वेगळा आकडा पाहा. पीएम २.५ मुळे निर्देशांक १८० असेल, तर हवेत दर घनमीटरला साधारण ८४ मायक्रोग्रॅम कण आहेत. २४ तासांसाठी भारतीय मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५ आहे. परदेशी ॲप वेगळा आकडा दाखवते तेव्हा लोक गोंधळतात. ६० मायक्रोग्रॅमला आपला निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते, तर अमेरिकी पद्धतीत तीच हवा दीडशेच्या वर जाऊन ‘अपायकारक’ होते. यंत्र बिघडलेले नाही, मोजपट्टी वेगळी आहे.

वडील पहाटे फिरायला जात असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती वेळ बदला. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही आणि रात्रभराचा धूर सकाळी आठ-नऊपर्यंत खालीच कोंडून राहतो. दुपारी तीन ते पाच ही वेळ त्या मानाने बरी. फिरणे मात्र बंद करू नका, मेंदूला ते लागतेच. घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. बांधकामाच्या बाजूच्या खिडक्या काम चालू असताना बंद ठेवा आणि उलट बाजूच्या उघडा. साइटवर पत्र्याचे कुंपण, इमारतीला हिरवे कापड, पाण्याची फवारणी आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुण्याची सोय आहे का, ते पाहा. नसेल तर दिवस-वेळेसह फोटो काढून प्रभाग कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार द्या.

घर बदलण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विसरणे सुरू झालेल्या माणसाला नव्या घरात स्वच्छतागृहाची दिशासुद्धा नव्याने शिकावी लागते आणि गोंधळ वाढतो. बांधकाम आज ना उद्या संपेल. आणि हवा सुधारली की फायदा या वयातही होतो. अमेरिकेतील ७४ ते ९२ वयाच्या स्त्रियांवरील २०२२ च्या अभ्यासात, जिथली हवा जास्त सुधारली तिथे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले.

प्रश्न : १० बाय १२ फुटांच्या बेडरूमसाठी एअर प्युरिफायर कोणता घ्यावा? एसी आहे, तो पुरेसा नाही का? (नागपूर)

एसी खोलीतलीच हवा फिरवतो. त्याची जाळी केस आणि जाड धूळ अडवते, पीएम २.५ नाही.

प्युरिफायर घेताना खोक्यावरचे ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ हे वाक्य सोडून द्या आणि सीएडीआर हा आकडा शोधा. तो दर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते ते सांगतो. तुमच्या खोलीची उंची साडेनऊ फूट धरली, तर आकारमान ११४० घनफूट, म्हणजे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी म्हणून ३२ गुणिले ५, म्हणजे १६०. पण हा आकडा सर्वात जोरात फिरणाऱ्या पंख्याचा असतो, आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही. रात्री मधल्या वेगावर चालवायचे तर २५० ते ३०० सीएडीआरचे यंत्र घ्या. फिल्टर एच-१३ दर्जाचा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) हवा. ओझोन किंवा आयन सोडणारी सोय असेल तर ती बंद ठेवा, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसाला अपाय करतो. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. हेपा फिल्टर पाण्याने धुऊ नका. धुतला की त्याचे तंतू बिघडतात. विकत घेण्यापूर्वी नव्या फिल्टरची किंमत विचारा, कारण खरा खर्च तिथे आहे.

दार उघडे असेल तर यंत्राचा उपयोग नाही. आणि दारे-खिडक्या रात्रभर बंद ठेवून चौघे झोपले, तर कार्बन डायऑक्साइड वाढून सकाळी डोके जड होते. झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर दहा-दहा मिनिटे खिडकी उघडा.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. डासांमुळे रात्री त्याच्या टेबलाखाली कॉइल लावतो. ती अभ्यासाला मारक आहे का? (पनवेल)

आजच बंद करा. एक कॉइल पूर्ण जळताना सोडते त्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. तीही टेबलाखाली, म्हणजे नाकापासून दोन फुटांवर. खिडकीला जाळी, पलंगाला मच्छरदाणी, टेबलाखाली छोटा पंखा (डास वाऱ्यात उडू शकत नाहीत) आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस: पिंप, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे. लिक्विडच्या मशीनमधून धूर फारसा येत नाही, पण कीटकनाशक हवेत असतेच. तासभर आधी लावून, खिडकी उघडून, मग अभ्यासाला बसवा. धूप आणि अगरबत्ती बंद खोलीत लावू नका. आणि दिवाळीचे एक: पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वात जास्त सूक्ष्म कण आवाज न करणाऱ्या नागगोळीने सोडले. ती आपण सर्वात लहान मुलांच्या हातात देतो.

प्रश्न : मुलीची शाळा हमरस्त्याला लागून आहे. गाड्यांचा धूर आणि हॉर्न दिवसभर. याचा तिच्या लक्षावर परिणाम होईल का? (पुणे)

होऊ शकतो. बार्सिलोनातील ३९ शाळांमधल्या ७ ते १० वर्षांच्या २,७१५ मुलांची वर्षभर चाचणी घेतली गेली आणि ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात मुलांची कार्यस्मृती वाढतेच. कमी प्रदूषित शाळांत ती ११.५ टक्के वाढली, जास्त प्रदूषित शाळांत ७.४ टक्के. कार्यस्मृती म्हणजे तोंडी हिशेब करताना हातचा लक्षात ठेवण्याची क्षमता.

आवाजाचा पुरावा तर याहून बोलका आहे. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण घसरले, जुन्याजवळच्या मुलांचे सुधारले. नुकसान भरून येते, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

पालक-शिक्षक संघात मागण्या नेमक्या ठेवा. सर्वात लहान मुलांचे वर्ग रस्त्यापासून दूरच्या बाजूला न्यावेत. स्कूलबस आणि रिक्षांनी थांबल्यावर इंजिन बंद करावे. फाटकाबाहेरची पाच-दहा मिनिटांची गर्दी मैदानाच्या आत घ्यावी. रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळी बंद आणि मधल्या तासांत उघड्या ठेवाव्यात. शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. पाटी लावण्यासाठी महापालिकेकडे आणि हॉर्नवर कारवाईसाठी वाहतूक पोलिसांकडे अर्ज करा. चालत जात असाल तर हमरस्ता सोडून समांतर गल्ली धरा. मास्क लावायचाच असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५. कापडी मास्क सूक्ष्म कण अडवत नाही, आणि वायू तर यांतला कोणताच मास्क अडवत नाही.

प्रश्न : माझे वाहनांच्या बॅटऱ्या दुरुस्तीचे दुकान आहे, वर घर. चार वर्षांच्या मुलाच्या रक्तात शिसे १४ निघाले. डॉक्टर म्हणाले औषध लागणार नाही. मग काय करायचे? पत्नीला तिसरा महिना आहे. (जालना)

डॉक्टरांचे बरोबर आहे. शिसे बाहेर काढणारे औषध साधारण ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि त्यावर देतात. त्याहून कमी पातळीच्या, २० ते ४४ मधल्या मुलांना ते देऊन पाहिले गेले. रक्तातले शिसे उतरले, बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. पण औषध नाही म्हणजे काळजी नाही, असे समजू नका. अमेरिकेत ३.५ पासून पुढच्या मुलांवर लक्ष ठेवतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ला स्रोत शोधून बंद करायला सांगते आणि कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाही. अनेक देशांतल्या मुलांच्या माहितीचे २००५ मध्ये एकत्र विश्लेषण झाले. त्यात शिसे २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यांक सुमारे ३.९ गुणांनी उतरला, आणि १० वरून २० वर जाताना आणखी १.९ गुणांनी. म्हणजे पहिले काही मायक्रोग्रॅम सर्वात महाग पडतात. म्हणूनच १४ वरून ५ च्या खाली येणे फार मोलाचे आहे.

तपासणी बोट टोचून झाली असेल, तर ती शिरेतून रक्त घेऊन पुन्हा करा. बोटावरची धूळ मिसळली तरी आकडा वाढतो. पत्नीचे रक्त याच आठवड्यात तपासा, कारण शिसे वारेतून गर्भापर्यंत जाते. तुमचेही तपासा.

शिसे घरात येते ते तुमच्या अंगावरून. दुकानाचे कपडे आणि चपला दुकानातच राहिल्या पाहिजेत. वर जाण्यापूर्वी खालीच साबणाने आंघोळ करा, डोकेसुद्धा धुवा. ते कपडे वेगळ्या बादलीत, तुम्ही स्वतः धुवा. गर्भवती पत्नीने त्यांना हात लावू नये. प्लेटा फोडणे, ठोकणे, वितळवणे हे काम दुकानात बंदच करा; जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाऊ द्या. शिसे वितळवताना उठणारी वाफ आणि राख जिन्याने वर जाते. मुलाने दुकानात पाऊल टाकायचे नाही, जेवणाचा डबा दुकानात उघडायचा नाही.

घर एकदा पूर्ण धुऊन काढा. खिडकीच्या चौकटी, पंख्याची पाती, पलंगाखाली. केरसुणी आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर धूळ उडवतात, म्हणून दोन्ही नकोत. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत स्वच्छ. फडके आधी साबणाच्या पाण्यात बुडवून पुसायचे, मग स्वच्छ पाण्यात पिळायचे आणि ते पाणी दर खोलीला बदलायचे. पुढे आठवड्यातून दोनदा. पत्नी या कामात नको. मुलाचे हात जेवण्याआधी आणि झोपण्याआधी धुवा, नखे कापा, खेळणी दर आठवड्याला धुवा.

लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे जास्त शोषते. त्यामुळे मुलाचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा) तपासा आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह द्या. नाचणी आणि दूध द्या, पालेभाजी लिंबू पिळून द्या. रिकाम्या पोटीही शोषण वाढते, म्हणून त्याला दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाऊ घाला.

एक ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आकडा लगेच शून्यावर येणार नाही, कारण हाडात साठलेले शिसे हळूहळू रक्तात उतरत राहते. पण उतरण मात्र दिसली पाहिजे. दिसली नाही, तर दुसरा स्रोत शोधा: पोपडे निघालेला जुना ऑइलपेंट, डोळ्यांत घालायचा सुरमा, भंगारातून ओतलेली ॲल्युमिनियमची भांडी, पितळेला कथलाऐवजी शिसे मिसळून केलेली कल्हई, किंवा शिशापासून बनणारे नागभस्म असलेले औषध. आणि मुलाच्या डोक्यावर ‘याचे नुकसान झाले’ असा शिक्का मारू नका. भरपूर बोलणे, गोष्टी वाचून दाखवणे आणि बालवाडी यांचा मेंदूला खरा आधार होतो.

प्रश्न : हळदीत शिसे असते असे ऐकले. घरी कसे ओळखायचे? (कोल्हापूर)

हळकुंड पिवळेधमक दिसावे म्हणून पॉलिश करताना त्यावर लेड क्रोमेट हा रंग चोळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघड झाले आहेत. त्यात शिसेही आहे आणि क्रोमियमही. बांगलादेशात कारवाईपूर्वी बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. २०१९ मध्ये संशोधन जाहीर झाले, सरकारने घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले, आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत. आपल्याकडच्या अन्न व औषध प्रशासनाला पत्र लिहिताना हे उदाहरण जरूर द्या.

घरी एवढे करता येते: साधे हळकुंड काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. लगेच पिवळा रंग सुटला तर वरून रंग चोळला आहे, असा संशय घ्या. रंग सुटला नाही म्हणून हळद शुद्ध ठरत नाही, कारण थोडे प्रमाण या चाचणीला सापडत नाही. आम्ल टाकून गुलाबी रंग पाहण्याची जी चाचणी मोबाइलवर फिरते, ती मेटॅनिल यलो या वेगळ्या रंगाची आहे, शिशाची नव्हे. खात्री हवी असेल तर १०० ग्रॅम नमुना अन्नतपासणीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि ‘शिसे, आयसीपी-एमएस पद्धतीने’ असे लिहून मागा.

तुम्ही कोल्हापूरचे, सांगलीचा बाजार हाकेच्या अंतरावर. पॉलिश न केलेले, मातकट दिसणारे हळकुंड शेतकऱ्याकडून घ्या आणि दळून आणा. गिरणीत आधी दुसऱ्याची हळद दळली असेल तर आपली पहिली पाव किलो बाजूला काढा.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड २.८ निघाले. दात पिवळे होतात हे माहीत होते. मुलांच्या बुद्धीवरही परिणाम होतो का? पाणी उकळून चालेल का? (केळापूर तालुका, यवतमाळ)

उकळू नका. पाण्याची वाफ होते, फ्लोराइड मागे राहते आणि प्रमाण वाढते.

अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने ऑगस्ट २०२४ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितले, की पिण्याच्या पाण्यात १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध मध्यम खात्रीने दिसतो. भारतीय मानकात १ पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. तुमचे २.८ आहे. दातांसाठी आणि हाडांसाठीही ते पाणी पिण्याजोगे नाही.

सर्वात आधी प्यायचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे करा. आंघोळ, धुणे, गुरे यांसाठी बोअर चालेल. माणशी पाच लिटर धरली तर पाच जणांच्या घराला रोज २५ लिटर पाणी शोधायचे आहे, आणि तेवढे जमते. गावातल्या उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असते. जिल्हा परिषदेच्या किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तिचा नमुना एक लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीत द्या. काचेची बाटली नको. छतावरचे पावसाचे पाणी, पहिला पाऊस सोडून साठवलेले, हाही चांगला पर्याय. आरओ फ्लोराइड काढतो. साधा कँडल फिल्टर किंवा यूव्ही काढत नाही.

नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना आणि तुरटी घालून ढवळतात, तासभर निवू देतात आणि वरचे नितळ पाणी काढून घेतात. मात्रा पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते, म्हणून ती प्रयोगशाळेतून लिहून घ्या. अंदाजाने तुरटी घातली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहते. खालचा गाळ विहिरीजवळ किंवा शेतात टाकू नका.

तान्ह्या बाळाची पावडर या बोअरच्या पाण्यात कालवू नका. मुलांना चहा देऊ नका, चहापत्तीत स्वतःचे फ्लोराइड असते.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार आहे. माशातल्या पाऱ्यामुळे मासे बंद करावेत का? (मालवण)

बंद करू नका. गर्भाच्या मेंदूला माशातली मेदाम्ले लागतात. पारा मोठ्या, जास्त जगणाऱ्या, दुसरे मासे खाणाऱ्या माशांत साठतो. त्यामुळे मोरी (शार्क) पूर्ण टाळा आणि मोठ्या सुरमईच्या तुकड्या क्वचितच. तारली, बांगडा, मांदेली, बोंबील, कोळंबी आठवड्यातून दोन-तीनदा निर्धास्त द्या. पारा माशाच्या मांसात असतो, म्हणून कातडी काढून, चिंचेच्या पाण्यात भिजवून किंवा जास्त शिजवून तो जात नाही. मासा निवडतानाच तो टाळावा लागतो.